सेल्समध्ये बढती मागायची की कंपनी बदलायची? ठाणे-नवी मुंबईतल्या सेल्सवाल्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मार्च क्लोजिंग झालं, अप्रेझलचं पत्र हातात पडलं की वागळे इस्टेटपासून महापे-बेलापूरपर्यंत सेल्सच्या पोरांच्या चहाच्या टपरीवर हाच विषय निघतो. इथेच थांबून एएसएम (एरिया सेल्स मॅनेजर) व्हायचं, की बाहेरची ऑफर घ्यायची? बहुतेकांचा निर्णय दोन गोष्टींमुळे फसतो. ऑफर लेटरवरचा सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च, ते पगार समजून मोजतात, आणि ‘पुढच्या सायकलला तुझंच नाव आहे’ या साहेबांच्या तोंडी शब्दाला ते लेखी पत्राइतकी किंमत देतात. या दोन्ही गोष्टी तपासायच्या कशा, कोणत्या क्रमाने, आणि ठरलं की बाहेर पडताना काय सांभाळायचं, ते इथे सांगतो.

हे प्रामुख्याने सेल्स ऑफिसर, टेरिटरी मॅनेजर, एमआर (औषध कंपनीचे प्रतिनिधी) किंवा इंडस्ट्रियल सेल्समध्ये दोन ते आठ वर्षं काढलेल्यांसाठी आहे. एफएमसीजी (रोजच्या वापराच्या वस्तू), फार्मा, बिल्डिंग मटेरियल, बँकिंग, रिअल इस्टेट, सगळीकडे तपशील थोडे बदलतात, क्रम मात्र तोच राहतो.

1. आधी स्वतःचे आकडे हातात घ्या

बढती मागायची असो की मुलाखतीला जायचं असो, ‘माझा परफॉर्मन्स चांगला आहे’ या वाक्याला कोणी विचारत नाही. गेल्या आठ तिमाहींचा तक्ता करा. प्रत्येक तिमाहीला पाच रकाने पुरतात: टार्गेट, झालेली विक्री, टक्केवारी, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना, आणि हातात आलेला इन्सेन्टिव्ह.

वितरकांमार्फत विक्री असेल तर प्रायमरी आणि सेकंडरी वेगळी लिहा. प्रायमरी म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला केलेलं बिलिंग, सेकंडरी म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल. प्रायमरी 115 टक्के आणि सेकंडरी 85 टक्के असेल, तर मंथ एंडला माल कोंबून टार्गेट झालंय हे समोरचा अनुभवी माणूस दोन मिनिटांत ओळखतो. तुमची सेकंडरी चांगली असेल तर मात्र तीच तुमची खरी ताकद आहे, ती आधी सांगा.

सोबत हे कागद जमवून ठेवा. राजीनाम्यानंतर कंपनीचा मेल आणि पोर्टल कधी बंद होईल याचा नेम नसतो.

- नेमणुकीचं पत्र आणि आजवरची सगळी इन्क्रिमेंट-प्रमोशन लेटर
- गेल्या किमान सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट
- चालू वर्षाचं इन्सेन्टिव्ह धोरण. त्यातली बारीक अक्षरं पुढे लागणार आहेत
- फॉर्म 16, यूएएन (पीएफचा कायम राहणारा क्रमांक) आणि पीएफचं पासबुक
- बक्षिसांची, कौतुकाची पत्रं, तुमच्या नावाने आलेली

ग्राहकांची यादी, डिस्काउंटचं स्ट्रक्चर, पार्टीनिहाय विक्रीच्या एक्सेल फायली स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तो कंपनीचा डेटा आहे. बाहेर पडताना कंपनीला कारवाईसाठी कारण हवं असेल तर असा एक मेल पुरतो. तुमच्या तक्त्यात फक्त तुमची टक्केवारी हवी, पार्टीचं नाव नको.

2. खुर्ची आहे का ते बघा

सेल्समध्ये बढती मिळते ती वरची खुर्ची रिकामी झाली किंवा नवी टेरिटरी उघडली की. तुम्ही कितीही टार्गेट मारा, एएसएम तिथेच बसलेला असेल आणि त्याला वर जायला जागा नसेल, तर तुमची फाइल पुढे सरकत नाही. म्हणून ‘मी लायक आहे का’ हे विचारण्याआधी खालचे प्रश्न सोडवा.

तुमच्या वरच्या पदावर या रिजनमध्ये किती लोक आहेत आणि त्यातले किती जण येत्या वर्षभरात हलण्यासारखे आहेत? मागच्या तीन वर्षांत त्या पदांवर आतले किती बसले, बाहेरून किती आणले? सगळे बाहेरून आणले असतील तर ते त्या कंपनीचं धोरणच आहे, तुमच्यासाठी ते बदलणार नाही. आणि तुमच्या टेरिटरीला तुमच्यानंतर कोण सांभाळेल? हा शेवटचा प्रश्न फार जण विसरतात. जो माणूस हलवला तर नंबर पडतील अशी भीती असते, त्याला साहेब मुद्दाम हलवत नाही. हाताखाली कोणी तयार नसेल तर तुमचं चांगलं काम हाच तुमच्या बढतीतला अडथळा होतो.

दुसरी गोष्ट बदलीची. बढती आणि बदली या जोडीने येतात. ठाण्याचा सेल्स ऑफिसर एएसएम झाला की त्याला नाशिक, कोल्हापूर, सोलापूर किंवा थेट नागपूर मिळण्याची शक्यता दाट. मुलं घोडबंदर रोडच्या शाळेत, जोडीदाराची नोकरी ऐरोलीत आणि घराचा हप्ता चालू, अशी परिस्थिती असेल तर घरात हे आधी बोलून घ्या. बढतीचं पत्र आल्यावर ‘मला जमणार नाही’ म्हणणाऱ्याचं नाव पुढच्या वेळी यादीत सहसा येत नाही.

3. साहेबांशी एकदा नीट बोला आणि तारीख घ्या

बाहेर शोध सुरू करण्याआधी हे बोलणं व्हायलाच हवं. अनेक जण ते टाळतात, मनातल्या मनात नाराज होतात आणि दुसऱ्याच कंपनीत जाऊन पुन्हा त्याच जागी बसतात.

वेळ निवडताना क्लोजिंगचा शेवटचा आठवडा आणि रिव्ह्यूचा दिवस सोडा. अप्रेझलची पत्रं निघाल्यावर मागणी करून उपयोग नसतो, कारण बजेट आधीच ठरलेलं असतं. एप्रिल-मार्च वर्ष पाळणाऱ्या कंपनीत ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बरा काळ. दिवाळीचे आकडे हातात असतात आणि पुढच्या वर्षाच्या मनुष्यबळाचा विचार सुरू होत असतो.

बोलताना पगाराचा विषय आधी काढू नका. विचारायचं ते असं: ‘सर, पुढच्या वर्षी मला एएसएमच्या जागेसाठी धरायचं तर माझ्यात आज काय कमी आहे? आणि कोणती जागा, साधारण कधी?’ उत्तरात तीन गोष्टी यायला हव्यात: विशिष्ट जागा, विशिष्ट अट आणि महिना. ‘तू काम करत राहा, मी आहे ना’ हे उत्तर प्रेमाचं असेल, पण त्यात यातलं काहीच नाही.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन-तीन ओळींचा साधा मेल टाका. आज चर्चा झाल्याप्रमाणे मी अमुक दोन मुद्द्यांवर काम करतो, जानेवारीत पुन्हा आढावा घेऊया, धन्यवाद. यात धमकी नाही, तक्रार नाही, पण साहेबांची बदली झाली तर नव्या साहेबांना दाखवायला काहीतरी उरतं. सेल्समध्ये साहेब दीड-दोन वर्षांत बदलतातच.

सापळा: ‘आधी जबाबदारी घे, पद नंतर देऊ.’ शेजारची रिकामी टेरिटरी तुमच्या गळ्यात पडते, दोन्हींचं टार्गेट तुमच्या नावावर, पगार जुनाच. असा जादा चार्ज घ्यायला हरकत नाही, पण मुदत लिहून घ्या. तीन महिने ठीक आहेत. सहा महिने झाले आणि जागा भरली जात नसेल तर कंपनीला अर्ध्या पैशात माणूस मिळालाय, इतकंच.

4. बाहेरचा बाजार तपासा, पण हळू

साहेबांनी दिलेली तारीख गाठेपर्यंत बाहेर काय चाललंय ते बघायला हरकत नाही. नोकरीच्या पोर्टलवर प्रोफाइल अपडेट केलं की तुमच्याच एचआरला दिसू शकतं. सध्याच्या कंपनीला ब्लॉक करण्याची सोय असते, ती आधी वापरा.

जाहिरातीतल्या पदनामावर जाऊ नका. एका कंपनीतला एएसएम सहा सेल्स ऑफिसर आणि पंधरा डिस्ट्रिब्युटर सांभाळतो, दुसरीतला एकटाच बॅग घेऊन फिरतो. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: हाताखाली किती माणसं, टेरिटरीत नेमके कोणते भाग, किती वितरक, महिन्याचा धंदा किती, आणि ही जागा नवी की कोणी सोडलेली?

बँका आणि टेलिकॉमच्या नावाने येणाऱ्या ऑफरमध्ये एक प्रश्न चुकवू नका: पेरोल कोणाचा? नाव मोठ्या बँकेचं, बसायला बँकेची शाखा, पण पत्र तिसऱ्याच मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचं, म्हणजे ऑफ-रोल. पुढे अनुभवपत्र आणि पीएफच्या नोंदीत त्या तिसऱ्या कंपनीचंच नाव येतं. तुम्ही आज ऑन-रोल असाल आणि पाच-सहा हजारांसाठी ऑफ-रोल जाणार असाल, तर परतीची वाट अवघड होते.

नोकरी लावण्यासाठी, ‘डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन’साठी किंवा ट्रेनिंग किटसाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. चांगली कन्सल्टन्सी फी कंपनीकडून घेते.

5. सीटीसी सोलून बघा

इथे जरा वेळ द्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. समजा तुमचं आजचं चित्र असं आहे: वर्षाचा ठरलेला पगार 5,40,000 रुपये आणि गेल्या बारा महिन्यांत खरोखर खात्यात आलेला इन्सेन्टिव्ह 1,50,000. म्हणजे 6,90,000.

समोरून ऑफर आली 9,00,000 सीटीसीची. ऐकायला भरघोस वाटते. आता पत्राच्या मागचं परिशिष्ट बघा:

- व्हेरिएबल, 100 टक्के टार्गेट झालं तर: 2,40,000
- कंपनीचा पीएफ हिस्सा, 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के, म्हणजे महिना 1,800: 21,600
- ग्रॅच्युइटीची तरतूद: 15,000
- मेडिक्लेमचा प्रीमियम: 12,400

हे वजा केलं की ठरलेला पगार उरतो 6,11,000. नव्या टेरिटरीत पहिल्या वर्षी व्हेरिएबल पूर्ण मिळेल असं धरू नका. पहिली तिमाही बहुधा शिकण्यात आणि जुन्या तक्रारी मिटवण्यात जाते. निम्मं धरा, 1,20,000. एकूण 7,31,000. म्हणजे पहिल्या वर्षाची खरी वाढ 41,000, सुमारे सहा टक्के. त्यातून सोडताना बुडणारी एका तिमाहीची इन्सेन्टिव्ह रक्कम, समजा 40,000, वजा केली तर हातात राहतो एक हजार. ऑफर वाईट आहे असं मी म्हणत नाही. दुसऱ्या वर्षापासून ती चांगली असू शकते. पण ती पहिल्या वर्षाच्या पैशांसाठी घेऊ नका.

बढतीचाही हिशोब तितकाच कडकपणे मांडा. ठरलेल्या पगारावर 12 टक्के वाढ धरली तर 6,04,800. इन्सेन्टिव्ह मात्र आता टीमच्या आकड्यावर अवलंबून राहील. स्वतः 110 टक्के मारणारा माणूस टीम 88 टक्क्यांवर अडकल्यामुळे रिकाम्या हाती राहतो, कारण अनेक योजनांत 90 टक्क्यांच्या खाली शून्य असतं. पहिली दोन तिमाही एकूण कमाईत घट दिसली तर दचकू नका, पण घरखर्चात ती आधी धरून ठेवा.

इन्सेन्टिव्ह धोरणात हे मुद्दे शोधा, आणि पत्रात नसतील तर एचआरला मेलवर विचारा:

किती टक्क्यांना सुरू होतो आणि वरची मर्यादा आहे का. बिलिंगवर मिळतो की पैसे वसूल झाल्यावर. माल परत आला तर आधी दिलेला इन्सेन्टिव्ह कापतात का. टार्गेट तिमाहीच्या मध्ये बदलता येतं का. पहिले तीन महिने हमी रक्कम मिळेल का. ही मागणी रास्त आहे, आणि पगार वाढवून द्यायला तयार नसलेला एचआरसुद्धा ती बऱ्याचदा मान्य करतो. सगळ्यात महत्त्वाचं: पैसे देण्याच्या दिवशी तुम्ही पटावर असणं बंधनकारक आहे का. जवळपास सगळीकडे असतं.

प्रवासखर्च हा दुसरा दुर्लक्षित भाग. दिवसाला 60 किलोमीटर बाइक, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 1,500 किलोमीटर. प्रति किलोमीटर दरात एका रुपयाचा फरक असेल तर वर्षाला 18,000 चा फरक पडतो. एमआरनी हेडक्वार्टर (नेमणुकीचं शहर, म्हणजे एचक्यू), एक्स-हेडक्वार्टर (बाहेरगाव, पण त्याच दिवशी परत) आणि आउटस्टेशन (मुक्काम करावा लागतो असं गाव) यांचे भत्ते वेगवेगळे विचारावेत. ‘ठाणे एचक्यू’ म्हणून सांगितलेल्या कामात शहापूर, मुरबाड कशात धरलेत यावर महिन्याचा हिशोब पालटतो.

6. ऑफर स्वीकारण्याआधी टेरिटरी फिरून या

एक सुट्टी टाका आणि नव्या टेरिटरीत एक पूर्ण दिवस घाला. मुलाखतीत कोणी खोटं बोलत नाही असं नाही, पण मार्केट लपवता येत नाही.

सुरुवात दुकानांपासून करा. भागातल्या आठ-दहा दुकानांत ग्राहक म्हणून जा, त्या कंपनीचा माल मागा. मिळतो का, पुढे मांडलाय की मागे पडलाय, दुकानदार स्वतःहून दुसरा ब्रँड पुढे करतो का. मग ओळख काढून डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात जा. भिवंडीला, तुर्भ्याला किंवा कळंबोलीला गोदाम असेल तर सकाळी माल निघायच्या वेळेला जा. तिथे खोक्यांवरचा उत्पादनाचा महिना वाचा. मे महिन्यात तुम्ही उभे आहात, थप्पीच्या पुढच्या रांगेत एप्रिलची खोकी, पण मागे हात घातला की नोव्हेंबर-डिसेंबरची निघतायत, वरच्या पट्ट्या सैल झालेल्या, कोपरे दबलेले. म्हणजे आधीच्या माणसाने मार्च एंडला माल कोंबला, तो विकला गेला नाही, आणि त्याचे परताव्याचे क्लेम, म्हणजे डिस्ट्रिब्युटरने कंपनीकडे मागितलेले पैसे, तुमच्या पहिल्या तिमाहीत येणार. टार्गेट मात्र त्या फुगलेल्या मार्चवरून ठरलेलं असेल.

डिस्ट्रिब्युटरला विचारायचे प्रश्न दोनच: कंपनीकडे तुमचे किती महिन्यांचे क्लेम अडकलेत? आणि आधीचा माणूस का गेला? तो जितका जास्त बोलेल तितकं बरं. वाशीच्या एपीएमसीतल्या किंवा मोठ्या घाऊक पार्टीकडे उधारी किती दिवसांची चालते तेही कळून घ्या. मार्केटमधलं अडकलेलं आउटस्टँडिंग पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर येतं.

इंडस्ट्रियल सेल्सवाल्यांसाठी गणित वेगळं. टीटीसी (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी), तळोजा, अंबरनाथच्या कारखान्यांत चौकशीपासून ऑर्डरपर्यंत कित्येक महिने जातात. तुम्ही जुन्या कंपनीत पिकवलेली पाइपलाइन दुसरा कोणी कापणार आणि नवीन कंपनीत रिकाम्या पाटीपासून सुरुवात. म्हणून हातातल्या मोठ्या दोन-तीन ऑर्डर कधी बंद होतील ते बघून तारीख ठरवा. रिअल इस्टेटमध्येही तसंच. रेरा कायद्याप्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे सेल्सचा इन्सेन्टिव्हही बऱ्याच ठिकाणी नोंदणीनंतरच सुटतो. खारघर-पनवेलला बुकिंग झालेले आणि नोंदणी बाकी असलेले फ्लॅट तुमच्या नावावर किती आहेत, त्याचा इन्सेन्टिव्ह सोडून गेल्यावर मिळेल का, हे लेखी विचारा.

येण्याजाण्याचाही विचार त्याच दिवशी होतो. ठाणे स्टेशनहून ट्रान्सहार्बरने ऐरोली, रबाळे, तुर्भे सोपं आहे. पण कासारवडवलीहून तळोज्याला रोज बाइकवर जाणं पावसाळ्यात कसं असतं ते जुलैत जाऊन बघा. उरण-उलवे भाग टेरिटरीत आणि दक्षिण मुंबईत मीटिंग असतील तर लक्षात ठेवा, अटल सेतूवर दुचाकीला परवानगी नाही.

7. आता ठरवा

इतकं झाल्यावर उत्तर बऱ्याचदा आपोआप दिसतं. तरी अडलं तर माझा कल असा आहे.

आत खुर्ची दिसतेय, महिना ठरलाय, साहेब ती द्यायच्या स्थितीत आहेत आणि तुम्ही कधीच टीम सांभाळलेली नाही, तर थांबा. पहिली टीम ओळखीच्या कंपनीत सांभाळणं सोपं जातं. तिथे उत्पादन, डिस्ट्रिब्युटर, क्लेमची पद्धत शिकण्यात वेळ जात नाही. आणि एएसएम म्हणून वर्षभर काढल्यावर बाजारात तुमची किंमत एएसएमची होते. सेल्स ऑफिसर म्हणून बाहेर पडलात तर बहुधा सेल्स ऑफिसर म्हणूनच घेतात, पैसे थोडे जास्त, एवढंच.

खुर्ची नाही, दोन सायकल तारखा पुढे ढकलल्या गेल्या, किंवा कंपनीचा माल मार्केटमध्ये दर वर्षी मागे पडतोय, तर निघा. कंपनीच मागे पडत असेल तर बढतीने काही सुधारत नाही, उलट पडणारे नंबर तुमच्या नावावर लागतात.

दोन वर्षांच्या आत तिसरी उडी असेल तर जरा थांबलेलं बरं. एचआरपेक्षाही सेल्स हेड त्यावर बोट ठेवतो: याने एका टेरिटरीत लागोपाठ दोन वर्षं वाढ दाखवली कुठे?

बाहेरची ऑफर दाखवून आत बढती मागण्याचा मोह होतो. एकदा चालतं. पण ऑफर दाखवून थांबलेल्या माणसाचं नाव ‘जाणाऱ्यांच्या’ यादीत कायमचं चढतं, आणि वाढवलेला पगार पुढच्या अप्रेझलमधून वळता होतो. काउंटर ऑफर स्वीकारायची असेल तर पद, जागा आणि तारीख यांचं पत्र हातात आल्यावरच बाहेरच्या कंपनीला नाही म्हणा.

8. निघायची तारीख आणि राजीनामा

तारीख पैशावरून ठरवा. चौथ्या तिमाहीचा इन्सेन्टिव्ह मे-जूनमध्ये येत असेल तर तो खात्यात पडल्यावर राजीनामा. काही कंपन्या नोटीसवर असलेल्याला इन्सेन्टिव्ह देत नाहीत, ते धोरणात बघा.

पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने असतील तर ग्रॅच्युइटीचा विचार करा. सूत्र असं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. मूळ पगार 26,000 असेल तर वर्षाला 15,000, पाच वर्षांचे 75,000. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे रक्कम याहून वाढू शकते. चार वर्षं 240 दिवसांवर काही निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने लागलेत, पण एचआरशी त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा पाच वर्षं भरून निघालेलं परवडतं.

राजीनामा देण्याआधी हातात लेखी ऑफर हवी: पद, ठिकाण, ठरलेला पगार, व्हेरिएबलची अट, रुजू होण्याची तारीख. तोंडी होकारावर किंवा फोनवरच्या ‘कन्फर्म समजा’वर राजीनामा टाकू नका. नोटीस 60 किंवा 90 दिवसांची असेल तर नवी कंपनी तेवढं थांबेल का हे आधी बोला. नोटीसचे पैसे ती भरणार असेल तर ते पत्रात लिहून घ्या. ती रक्कम तुमच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागतो ते वाचा.

नेमणूक पत्रात ‘दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ असं कलम दिसलं की लोक घाबरतात. नोकरी सुटल्यानंतर लागू होणारी अशी बंदी भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 खाली सहसा टिकत नाही. ट्रेनिंग बाँड वेगळा. ठरावीक मुदतीआधी सोडल्यास वाजवी रक्कम भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली विजया बँकेच्या प्रकरणात वैध ठरवली आहे. ग्राहकांची माहिती गुप्त ठेवण्याचं कलमही पाळावंच लागतं.

राजीनामा मेलवर द्या, शेवटचा कामाचा दिवस लिहा, स्वीकारल्याचं उत्तर मागा. कारण एका ओळीचं पुरे.

सेल्समध्ये फुल अँड फायनल, म्हणजे सोडतानाचा शेवटचा हिशोब, अडकतं ते हँडओव्हरमुळे. वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन देण्याची तरतूद आहे, पण क्लेम आणि उधारीवरून वाद निघाला की फाइल लोंबकळतेच. म्हणून नोटीसच्या काळात प्रत्येक डिस्ट्रिब्युटरकडे जाऊन बाकी क्लेमची यादी करा, त्याची सही-शिक्का घ्या, वरच्याला मेल करा. तुम्ही तोंडी कबूल केलेल्या स्कीम असतील तर त्या आत्ताच मंजूर करून घ्या किंवा पार्टीला स्पष्ट सांगा. सॅम्पल, डेमो किट, टॅब, फ्युएल कार्ड परत केल्याची पोच घ्या. कंपनीचं सिम परत करावं लागणार असेल तर बँक, आधार, यूएएनला तोच नंबर जोडलेला नाही ना, हे आधी बघा. महिनाभराने ओटीपी जुन्या जागी आलेल्या नव्या माणसाच्या फोनवर जायला लागतात.

कंपनीचा मेडिक्लेम साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो. नव्या ठिकाणचा सुरू होईपर्यंत मध्ये खंड पडत असेल, आणि घरात कोणाचं ऑपरेशन किंवा बाळंतपण असेल, तर तारखा त्याप्रमाणे जुळवा.

9. रुजू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत

रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र दोन्ही मागून घ्या, त्यावरचं पदनाम आणि तारखा तपासा. जुना यूएएन नव्या एचआरला द्या. नवा काढायला देऊ नका. जुन्या कंपनीने पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीख भरली का ते पोर्टलवर बघा. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः टाकता येते. दोन कंपन्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तर पुढच्या बॅकग्राउंड तपासणीत एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्याचा संशय येतो. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांची सलग सेवा धरली गेली नाही तर काढलेल्या रकमेवर कर लागतो.

वर्षाच्या मध्येच बदल केला असेल तर आधीच्या कंपनीतलं उत्पन्न नव्या कंपनीला कळवा, ज्या विवरणाला आपण फॉर्म 12बी म्हणत आलोय ते. नाहीतर दोन्ही कंपन्या आपापला पगारच पूर्ण वर्षाचं उत्पन्न समजून कर कापतात, 75,000 ची प्रमाणित वजावटही दोन्हीकडे धरली जाते. नव्या करप्रणालीत दोन्हीकडचा पगार मिळून 12,75,000 च्या आत असेल तर फरक पडत नाही. त्यावर गेला तर रिटर्न भरताना कर आणि त्यावरचं व्याज एकदम भरावं लागतं, तेही बहुधा जुलैत, शाळेच्या फीच्या मागोमाग.